सात वॅट

चिंतामणीच्या हाताला गुण आहे, असं देवासच्या त्या कॉलनीत अकरा वर्षं सगळे म्हणत होते, आणि ते ऐकायची त्याला सवय लागून गेली होती. कारखान्यात तो टूलरूमचा फोरमन. घरी आला की बनियनवर व्हरांड्यात बसायचा आणि सोल्डरचा धूर काढायचा. कॉलनीच्या गणपतीचा देखावा चिंतामणीनंच करायचा, यात कधी दुमत नव्हतं. गेल्या वर्षी तेवढा घात झाला. ऐन आरतीत लाइट गेली, तेव्हा त्यानं देखावा जीपच्या बॅटरीवर घेतला. पण बॅटरीच्या बारा व्होल्टचे पाच करणारा त्याचा रेग्युलेटर असा काही तापला की खालचा थर्मोकोल वितळून मांडवभर घाण वास सुटला. पोरं हसली. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्यात त्याची चारुलतासुद्धा होती.

म्हणून ब्याऐंशी साली मंडळाचे अध्यक्ष जगदेवराव दारात आले, ते जरा चाचरतच.

"चिंतामणी भिया, बुरा मत मानना. या वर्षी देखावा त्या भास्करला देतोय. लॅबमध्ये नवीन आलाय ना, तो. मुलगा हुशार आहे हो."

"द्या की," चिंतामणी हसून म्हणाला. आतून मात्र त्याचा नुसता जळफळाट झाला.

भास्कर समोरच्याच क्वार्टरमध्ये एकटा राहायचा आणि उमाबाईंच्या खानावळीत जेवायचा. त्याच्या मनात काही कपट नव्हतं, आणि चिंतामणीला याचाच जास्त राग यायचा. संध्याकाळी तो स्वतःहून आपली वस्तू दाखवायला आला. काडेपेटीएवढी पत्र्याची डबी होती. आत तांब्याची तार गुंडाळलेली एक कडी आणि चार-दोन बारके भाग. किती व्होल्ट बाहेर पडावेत ते ठरवणारा एक स्क्रू बाजूला होता, तो हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तळाशी पंचनं ठोकलेलं नाव: भास्कर. कारखान्याची रीतच तशी होती. ज्याचं नाव, त्याचं हत्यार. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"नेमावरचा नर्मदेचा घाट करतोय, दादा," भास्कर म्हणाला. "पाण्यात सोडलेले वीस दिवे. गव्हाएवढे बल्ब मिळालेत इंदूरला. तुम्ही एकदा नजर घालाल?"

चारुलतानं डबी तळहातावर घेतली. "किती सुबक केलंयस रे! आणि तापत नाही म्हणतोस? आमच्या ह्यांचा तर तवा व्हायचा."

बस. एवढं पुरे झालं.

"चोवीस तास लोडवर चालवल्याशिवाय मी काही पास करत नसतो," चिंतामणी म्हणाला. "राहू दे माझ्याकडे." लोडवर ठेवायचं म्हणजे अखंड बल्ब पेटते ठेवायचे. तेवढ्यात जळून जाऊ दे मेली, हीच त्याची इच्छा होती.

जळाली नाही. रविवारभर तो तासातासाला मीटर लावून आकडे वहीत लिहीत होता. बॅटरीतून बारा व्होल्ट, एक अँपिअर. बल्बांना पाच व्होल्ट, एक अँपिअर. बॅटरीतून अर्धाच अँपिअर निघाला असता तरी त्याला पटलं असतं, तशी सर्किट्स असतात. इथं बारा वॅट आत जात होते आणि पाचच बाहेर येत होते. मग उरलेले सात गेले कुठं? उष्णता होऊनच बाहेर पडायला हवेत. त्यानं डबीला बोट लावलं. ती माठासारखी गार होती, वर बारीक दव साचलं होतं. मीटर बदलला, बॅटरी बदलली. आकडे तेच.

हार तरी किती मानायची माणसानं? सोमवारी सकाळी त्यानं लाल ठिपका खरवडला आणि स्क्रू फिरवला. पाचाचे चार. मांडवात दिवे मिणमिणले की पोराची फजिती होईल, एवढाच बेत होता.

संध्याकाळी भास्कर फाटकाशी आला. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकायला चिंतामणीला पुढं वाकावं लागलं.

"घसा बसला वाटतं?"

"नाही तर, दादा. नेहमीसारखाच बोलतोय. टेस्ट झाली?"

"अजून एक दिवस."

मंगळवारी त्यानं तीन केले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो घरी चालला होता. खानावळीच्या ओट्यावर माणसं रांगेत उभी होती. उमाबाईंनी भास्करच्या पुढच्याला वाढलं, मागच्याला वाढलं, आणि भास्कर ताट धरून उभा असतानाच त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. तो रिकामं ताट घेऊन निघून गेला.

योगायोग, असं चिंतामणीनं स्वतःला दोनदा बजावलं. आणि घरी येऊन, बघूया तरी, म्हणत दोन केले. ते बघूया तरी काही साधं नव्हतं, हे त्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं.

तासाभरात जगदेवराव आले. "अरे भिया, परवा स्थापना आणि देखाव्याचा पत्ता नाही! करतोयस ना?"

"भास्करला दिलाय ना तुम्ही?"

"कौन भास्कर?" जगदेवराव खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

चिंतामणी रस्ता ओलांडून गेला. क्वार्टरचं दार उघडं होतं. भास्कर खाटेवर बसला होता आणि काहीतरी सांगत होता. आवाज अजिबात नव्हता. मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावरची तारीख चिंतामणीला भास्करच्या छातीतून सरळ वाचता आली.

तो धावत घरी आला आणि त्यानं पेचकस उचलला. उलटा फिरवायचा, बस. पाच करायचे. पोरगा जेवेल, बोलेल. आणि परवा मांडवात उभा राहील. सगळे वाहवा करतील. चारुलता करेल.

पेचकस त्यानं खाली ठेवला आणि कानस घेतली.

नाव घासायला फार वेळ लागला नाही. पत्रा चकचकीत झाल्यावर त्यानं पंच काढले आणि एकेक अक्षर ठोकून त्या जागी स्वतःचं नाव घातलं. मग पाच व्होल्ट लावले, चारुलताची नेलपॉलिश आणून ठिपका दिला. आपला स्वतःचा रेग्युलेटर वापरायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो तापायचा.

समोरच्या क्वार्टरला कुलूप होतं. गंजलेलं.

भीती वाटली, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंही वाटलं.

दोन दिवसांत त्यानं भास्करनं सांगितलेला घाट मांडवात उभा केला. स्थापनेच्या संध्याकाळी सातची आरती सुरू झाली आणि लाइट गेली. मांडवात काळोख झाला. चिंतामणीनं बॅटरीची तार जोडली.

घाट उजळला. वीस दिवे पाण्यावर हलल्यासारखे दिसले. "अहाहा!" कुणीतरी म्हणालं. "क्या बात है!" टाळ्या थांबेनात. चिंतामणीचा ऊर भरून आला. तो पुढं सरकून जगदेवरावांच्या अगदी शेजारी उभा राहिला.

डबीवर दव साचून थेंब गळत होते. तळाशी नाव त्याचं होतं, हत्यार त्याचं नव्हतं.

जगदेवरावांनी हात वर केला. "मोदक उमाबाईंचे. मांडव पोरांनी घातला. आणि देखावा... देखावा कुणी केला हो?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मी!" चिंतामणी म्हणाला. मग ओरडला. "अहो, मी!"

कुणी मान वळवली नाही. त्यानं चारुलताचा दंड धरला. ती थंडी वाजल्यासारखी शहारली, पदर घट्ट केला.

"तुमच्या घराजवळचाच कुणी असेल का हो, चारुलताबाई?" जगदेवरावांनी विचारलं.

आरतीचं ताट हातात घेऊन ती चिंतामणीकडे सरळ बघत होती.

"काय की," ती म्हणाली. "मी तर एकटीच राहते."