बादलीतलं पाणी आणि ओली वात

"वात सुकू देऊ नकोस. आधी तिला पाणी, मग तुझा घास."

इंदुआत्याचं हे सांगणं केसरला रोज सकाळी आठवायचं. आत्या गेली त्या वर्षी केसर दहा वर्षांची होती, आणि आत्याचा हात धरून तिने हो म्हटलं होतं. ही वात समईची नव्हे. बियाणेघराच्या भिंतीवर दोन तापमापक शेजारी-शेजारी होते. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला सुती कापडाची वात गुंडाळलेली, तिचं शेपूट खालच्या पाण्याच्या वाटीत.

साल २०६४. खाडीकाठच्या या गावात खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताच्या तीनशे बारा जाती आत्याने बसवलेल्या यंत्राच्या गारव्यात जपलेल्या होत्या. श्रावणातल्या एका सोमवारी 'अचूक' नावाचा यंत्रमानव तपासणीला आला. त्याने कॉइलपुढे (थंड नळ्यांची गुंडाळी, हवा तिच्यावरून जाते आणि निवते) हात धरला आणि निकाल सांगितला. बाहेर पडणारी हवा दहा अंशांवर हवी, इथे ती वीस अंशांवर आहे. यंत्र निकामी. बियाणं आजच शहरातल्या कोठारात हलवायचं.

तिकडे गेलेलं बियाणं पेरणीला वेळेवर परत येत नाही, हे शेजारच्या दोन गावांनी भोगलं होतं. बियाणेघराची राखण करणारा बाबूकाका, म्हणजे केसरचा सख्खा काका, तरी खोकी उचलू लागला. केसर दारात आडवी उभी राहिली.

"बाजूला हो गं," काका म्हणाला. "यंत्रापुढे कुणाचं शहाणपण चालत नाही."

"आत्याचंही यंत्रच आहे, काका. ते तरी खोटं कशाला बोलेल?"

आवाज चढला नव्हता, पण पाय दारातून हलले नाहीत. दहा हा आकडा कसा आला, तेवढं सांगा आणि मग खोकी न्या, असं तिने अचूकला म्हटलं.

अचूकने सांगितलं. कॉइल दर किलो हवेतून वीस किलोज्यूल (किलोज्यूल हे उष्णता मोजायचं माप) उष्णता काढते. किलोभर हवा एका अंशाने निववायला साधारण एक किलोज्यूल काढावा लागतो. आत शिरणारी हवा तीस अंशांची. तिसातून वीस गेले, राहिले दहा.

हिशेब तर सरळ होता. मग अर्धी ताकद जाते कुठे?

केसरने कॉइलखाली पाहिलं. लादी लख्ख कोरडी. रोज तिथे बादली असते. तपासनीस येणार म्हणून काकाने पहाटेच बादली मागे लपवली होती, पाण्याच्या नळीला बोळा लावला होता, आणि वातीचा तापमापक जुनाट दिसतो म्हणून कपाटात टाकला होता. पाहुणा यायचा म्हटलं की आपण घर आवरतो, आणि जे दाखवायचं नेमकं तेच झाकून ठेवतो.

तिने बोळा काढला, साचलेलं पाणी वाहू दिलं आणि मग रिकामी बादली लावली.

"दहा मिनिटं थांबा."

अचूक थांबला. दहा मिनिटांनी बादलीत बाराशे ग्रॅम पाणी भरलं. तेवढ्या वेळात यंत्राच्या पंख्याने तीनशे किलो हवा ढकलली होती. म्हणजे किलोमागे चार ग्रॅम.

केसर समजावू लागली. खाडीवरच्या हवेत डोळ्यांना न दिसणारी वाफ असते. थंड कॉइलवर तिचं पाणी होतं. पाणी होताना वाफ आपल्या पोटातली सुप्त उष्णता (तापमापकाला न दिसणारी उष्णता) सोडते, आणि तीही कॉइललाच वाहून न्यावी लागते. एका ग्रॅममागे अडीच किलोज्यूल.

"चार ग्रॅमना?" तिने विचारलं.

"दहा," अचूक म्हणाला.

"विसातले दहा पाण्याने नेले. हवेच्या वाट्याला उरले दहाच. आता तिसातून दहा काढा."

अचूकच्या छातीवरचा दिवा लुकलुकला. "वीस."

मग तिने रोजच्या नोंदींची वही उघडून कालचं पान काढलं. कोरडा तापमापक तीस, ओला सव्वीस. वातीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक खाली राहतो. हवा कोरडी असेल तर तो खूप खाली जातो. इथे फरक चारच अंशांचा, म्हणजे हवा वाफेने भरलेली. वहीत चिकटवलेल्या आत्याच्या आलेखात या दोन आकड्यांवरून दर किलो हवेतली एकूण उष्णता सापडते. ती निघाली ऐंशी. कॉइलने वीस काढली, राहिली साठ. कॉइलवरून सुटणारी हवा पार भिजलेली, म्हणजे आणखी वाफ न मावणारी; तशी हवा ज्या रेषेवर दाखवतात, त्या रेषेवर साठ कुठे येतात? विसाच्या जरा पुढे.

"बादली न लावताही उत्तर आलं," केसर म्हणाली. "आणि बियाणाला थंडीपेक्षा कोरडेपणा जास्त लागतो. हे यंत्र हवेतली वाफ काढून तेच काम करतंय. तुम्ही त्याला निकामी म्हणालात."

 अचूकने कबूल केलं की त्याचं कोष्टक पठारावरच्या कोरड्या हवेचं आहे. पण एका दिवसावर कोष्टक बदलत नाही. आठ दिवस दोन्ही तापमापकांची नोंद हवी. ती जुळली, तर किनाऱ्यावरच्या सगळ्या बियाणेघरांसाठी नवं कोष्टक होईल. तोवर खोकी इथेच राहतील.

काकाने खोकी जागेवर ठेवली. "बादली लपवून मी आपलं भातच घालवत होतो की," तो ओशाळून हसला आणि घरून पोहे मागवले. गरम पोह्यांची बशी त्याने सर्वांत आधी केसरच्या हातात दिली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

तिने बशी झाकून बाजूला ठेवली, कपाटातून तापमापक काढून भिंतीवर लावला. वात कडक वाळली होती. कोपऱ्यातला छोटा तांब्या उचलून ती विहिरीकडे निघाली.