जपणारा गुडघा

मिरजेच्या मैदानावर मंदाकिनी शेवडे मुलींना खो-खोत पाटीवर कसं बसायचं ते दाखवत होत्या. उकिडवं बसायला त्या अर्ध्या वाकल्या आणि उजवा गुडघा तिथेच ताठ झाला. कानातल्या यंत्रातून मंजुळ आवाज आला, "ही हालचाल टाळता येण्यासारखी आहे."

"गप बस!" त्या ओरडल्या. मुली घाबरून खाली बसल्या.

गेल्या वर्षी बसवलेला हा कृत्रिम सांधा नव्या जातीचा होता. त्यातली गादी रोजच्या वापराने किती झिजते, हे आतले संवेदक सतत मोजत. झीज वाढवणारी हालचाल दिसली की सांधा आपणहून घट्ट होई. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. धावण्याचं तर नावच नको. देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धा तो दोनदा अडला होता.

मुलींच्या आधाराने त्या कशाबशा सरळ झाल्या आणि तडक रुग्णालयात गेल्या.

"मॅडम, तुमच्या भल्यासाठीच थांबवतो तो," सांध्यांचं काम पाहणारा तंत्रज्ञ इरफान मुल्ला म्हणाला. "असा जपलात तर तीस वर्षं टिकेल."

"मी एकसष्ट वर्षांची आहे. नव्वदीत खो द्यायचाय का मला?"

"संरक्षण काढलं तर दहा वर्षांत गादी संपेल. मग पुन्हा ऑपरेशन. तेव्हा तुमचं हाड नवा सांधा धरेलच असं नाही."

"आज तो मला गुडघा वापरू देत नाही, त्याचं काय? काढून टाका ते."

इरफानने पुन्हा एकदा समजावून पाहिलं. शेवटी नाइलाजाने त्याने संरक्षण बंद केलं.

संध्याकाळी त्या पाटीवर बसल्या, खो मिळताच उठून धावल्या. गुडघा ठणकला, पण अडला नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

घरी विनायकराव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. बायकोच्या गुडघ्याची झीज त्यांनाही त्यावर दिसत असे.

"एका दिवसात महिन्याची झीज केलीस."

"तुम्हीसुद्धा त्या यंत्रासारखं बोलू नका हो. वैताग आलाय मला."

त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. ऑपरेशननंतर तीन आठवडे बायकोला पलंगावरून उचलून न्हाणीघरात नेणारे तेच होते.

"खेळ तू, मी नाही म्हणत नाही," ते हळूच म्हणाले. "पण दहा वर्षांनी मी पंच्याहत्तरीचा असेन, मंदा. तेव्हा तुला उचलणार कोण?"