पिंपळचं अपडेट आणि लातूरचे पाहुणे

तुळजापूरहून उमरग्याला निघालेल्या एसटीत अर्पिताच्या मांडीवर एक कॉम्प्युटर बसला होता. म्हणजे नुसता डबा, स्क्रीन नाही. तरी कंडक्टरनं त्याच्याकडं असं रोखून बघितलं, की आता याचंही तिकीट फाडतोय की काय, असं तिला वाटलं. तिनं डब्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. थंडीचे दिवस, बाहेर ज्वारी हुरड्यात आलेली.

शेजारचा तरुण मात्र ज्वारी बघत नव्हता. तो डबा बघत होता. नेमकं सांगायचं तर, डब्यावर चिकटवलेलं हिरवं पिंपळपान.

"हा… तुमचा हाय?"

"न्हाय, पळवून आणलाय," अर्पिता म्हणाली.

तो हसला, आणि हसावं की नाही अशा शंकेनं मध्येच थांबला. "तसं न्हाय… ते पान दिसलं म्हणून. पिंपळ वापरता तुम्ही?"

पिंपळ ही कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. कुठल्या कंपनीची नाही. गावोगावच्या, देशोदेशीच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून बनवलेली. फुकट, मराठीतून चालणारी, आणि मुख्य म्हणजे इतरांनी भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवरही कुरकुर न करता चालणारी. जळकोटच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत असे म्हातारे कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते आणि ते सांभाळायचं काम अर्पिताचं. या विषयावर तिला पुष्कळ बोलायचं होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"वापरते की. चांगलंय. पण एक सांगू? सुरक्षेचं अपडेट वेळेवर येईल तर शपथ. ब्राउझरमध्ये भोक सापडलं की त्याच दिवशी सगळ्या जगाला कळतं, चोरांनासुद्धा. मोठ्या कंपन्या लगेच बुजवतात. आन आमचं पिंपळ? बसा वाट बघत. तवर मी अभ्यासिकेचं नेट काढून ठेवते आन पोरींच्या शिव्या खाते. ते ब्राउझरचं काम म्हणं कुणातरी एकाकडं हाय. झोपा काढत असंल बाबा."

"व्हय… असंल," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. थंडीनं, असं अर्पिताला वाटलं.

जळकोट आलं. डबा घेऊन तिला पायऱ्या उतरता येईनात, तेव्हा तिला आधी उतरू देऊन त्यानं दारातून डबा तिच्या हातात दिला. सोडायच्या आधी जरा अडखळला.

"ते झोपा काढणारं माणूस… मीच. युवराज. सास्तूरचा."

दार लागलं. एसटी गेली. हायवेच्या कडेला डबा कवटाळून उभ्या असलेल्या अर्पिताची माफी ऐकायला समोर फक्त धूळ होती.

त्याच आठवड्यात मोटारसायकलवर तो अभ्यासिकेत हजर झाला. हातात पिशवी, पिशवीत हुरडा.

"माफी मागायला आलो."

"माफी मी मागायची. तुम्ही कशाला?" अर्पिता म्हणाली, पण हुरडा तिनं ठेवून घेतला.

मग त्यानं सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो सास्तूरच्या घरातूनच करायचा, आणि ते उरकलं की पिंपळचं. भोक बुजवलेला ब्राउझर जुन्या कॉम्प्युटरसाठी नव्यानं बांधावा लागतो. त्याला तासन्‌तास लागतात, आणि मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पण उशिराचं खरं कारण तेही नव्हतं.

"आमच्यात एक रीत हाय," तो म्हणाला. "ज्यानं बनवलं त्यानं स्वतःच पास करायचं न्हाय. दुसऱ्या कुणीतरी आपल्या मशीनवर चालवून बघायचं आन खाली लिहायचं, 'चालतंय'. मगच ते सगळ्यांना जातं. आता जुनी मशीनं राहिलीत कुणाकडं? माझं अपडेट तयार होऊन पडून राहतं. चालतंय म्हणणारं कुणी न्हाय."

एकदा घाईघाईत त्यानं आपलं आपणच पास केलं होतं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा शाळेतले कॉम्प्युटर सुरूच होईनात, आणि नेमकी त्यांची परीक्षा. ते सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की बसमधले आपले शब्द अर्पिताला चांगलेच टोचले. तिनं मागं वळून आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांच्या ओळीकडं बघितलं.

"एवढंच ना? मी म्हणत जाईन चालतंय."

तेव्हापासून तो बनवायचा, ती तपासायची. पिंपळचं अपडेट वेळेवर यायला लागलं. अभ्यासिकेतल्या पोरींचे फॉर्म वेळेत भरून व्हायला लागले. आणि युवराजही यायला लागला. कधी हुरडा, कधी बोरं, कधी काहीच नाही, नुसता गार वाऱ्यानं लाल झालेला चेहरा.

वाचनालयाचे सचिव खाजामियाँ पेपरच्या आडून हे सगळं बघत होते. एकदा त्यांनी पेपर खाली घेतला.

"बेटी, हे अपडेट वायरीतून येतं म्हणतात. मग हा पोरगा पेट्रोल जाळून कशाला येतो?"

"जुन्या मशीनचा आवाज ऐकावा लागतो, चाचा," अर्पितानं ठोकून दिलं.

"अच्छा," म्हणून खाजामियाँ पुन्हा पेपरात गेले. पेपर बराच वेळ हलत होता.

ती त्याच्यावर प्रेम करायला लागली होती. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मोटारसायकलचा आवाज आला की हात आपोआप केसांकडं जायचा. त्याच्याही मनात काहीतरी होतं. निघताना दारात थांबायचा, "अर्पिता, एक सांगायचं होतं…" म्हणायचा, आणि ती वळली की विचारायचा, "प्रिंटर चालू हाय ना?" प्रिंटरची इतकी चौकशी त्या वाचनालयात कधी कुणी केली नसेल.

मग एके दिवशी आई, कमलबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "लातूरचे पाहुणे येणार हायत रविवारी. पोरगा चांगलाय म्हणं." अर्पितानं होही म्हटलं नाही आणि नाहीही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिचं कारण अजून प्रिंटरवरच अडकलं होतं.

तिनं ते युवराजला सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

"रविवारी मी नसते. पाहुणे येणार हायत. मला बघायला."

तो माउसची वायर गुंडाळत होता. गुंडाळलेली त्यानं सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बरं," तो म्हणाला.

त्या 'बरं'वर अर्पिता दिवसभर धुमसत राहिली. आपणच बोलावं, हेही तिच्या मनात आलं. पण दोघांच्या वतीनं आपणच होय म्हणून मोकळं व्हायचं, आणि त्याच्या मनात तसलं काही नसलंच तर? आपलं आपणच पास करायची त्याची भीती आता तिलाही कळत होती, आणि त्यामुळं त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

शनिवारी सकाळी बातमी आली. ब्राउझरमध्ये मोठं भोक सापडलं होतं. अर्पितानं सवयीनं नेटची वायर काढली, पोरींना पुस्तकं वाचायला बसवलं, आणि दुपार व्हायच्या आत तिच्या फोनवर निरोप आला: नवा ब्राउझर तयार, तपासावा. इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. तिनं एकाच मशीनला नेट जोडून तो उतरवून घेतला, सगळ्यांवर चढवला, प्रत्येकासमोर बसून खात्री केली, आणि खाली लिहिलं, 'चालतंय'. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बोटं थांबली नाहीत. 'म्हणजे मनात आणलं तर तुम्हाला वेळेवर जमतं. बाकीच्या गोष्टींचं काय?'

पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तो शेरा एकट्या युवराजला जात नाही. पिंपळ सांभाळणाऱ्या सगळ्यांना दिसतो. पुसायला गेली, तर तिकडं ब्राझीलमधल्या कुणीतरी त्याला पसंतीचा अंगठा देऊनही टाकला होता. तिनं कपाळाला हात लावला.

ऊन उतरायच्या आत मोटारसायकल वाजली. युवराज हेल्मेट न काढताच आत आला. पोरी आपापल्या घरी गेल्या होत्या. डॉक्टरांनी चहा बंद केलेले खाजामियाँ पेपर घडी करून म्हणाले, "मी जरा चहाला जाऊन येतो."

"ते… बाकीच्या गोष्टी," युवराज म्हणाला. "एक गोष्ट लई दिवसापासनं तयार हाय. तपासायला पाठवलीच न्हाय. वाटलं, घाई केली आन काही मोडलं तर… आता हाय तेवढं येणं-जाणं पण जाईल."

"आन उशिरानं काही मोडत न्हाय?"

"मोडतं. सकाळी तो ब्राउझर बांधत होतो आन डोक्यात रविवारच होता." त्यानं शेवटी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, डोळे तिच्यावर. "तू मला आवडतीस, अर्पिता. पहिल्या दिवसापासनं. झोपा काढतोय म्हणालीस तवापासनं. पण हे मी एकट्यानं पास करायचं न्हाय. दुसऱ्यानं व्हय म्हणावं लागतं."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. अर्पितानं फोन लावला.

"आई, लातूरच्या लोकांना कळव, येऊ नका म्हणावं… हां, कारण हाय… सास्तूरचा हाय. युवराज. व्हय, हुरडा पाठवायचा तोच."

समोर युवराज हेल्मेट छातीशी धरून उभा. पलीकडं कमलबाई खूप बोलत होती.

अर्पितानं फोन जरा बाजूला धरला.

"माझ्याकडून कवाच पास झालंय," ती म्हणाली. "अडकलं होतं ते तुमच्याकडंच."

"आन… आई काय म्हणतायत?"

अर्पिता हसायला लागली. तिला काही केल्या हसू आवरेना.

"म्हणतीय, पोह्यांची सगळी तयारी झालीय, वाया कशाला घालवायची. उद्या घरच्यांना घेऊन ये म्हणावं त्याला. आन तेवढं वेळेवर ये म्हणावं."