मार्लो क्रॉसिंगचा पहिला भाग

कॉव्हेंट्रीच्या त्या वृद्धाश्रमात शनिवारच्या चहाला नवीनच पद्धत पडली होती. बिस्किटांची बशी फिरली की दिवाणखान्यातल्या पडद्यावर एखादी हरवलेली मालिका लागायची. एके काळी ब्रिटनमध्ये फिती महाग म्हणून एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेत, आणि त्यात कितीतरी मालिका कायमच्या गेल्या होत्या. आता त्या एकेक करून परत येत होत्या आणि प्रत्येकीची पन्नाशी, साठी धूमधडाक्यात साजरी होत होती. इंग्रज माणूस सख्ख्या भावाचा वाढदिवस विसरेल, पण मालिकेचा विसरायचा नाही, असं यशवंत खांडके म्हणत. ते स्वतः पंच्याण्णवीला टेकले होते. त्यांना सगळे नाना म्हणत, अगदी तिथल्या गोऱ्या परिचारिकासुद्धा.

या महिन्यात 'मार्लो क्रॉसिंग'ची साठी होती. आडगावच्या एका रेल्वे फाटकापाशी राहणाऱ्या माणसांची ही मालिका नानांच्या पिढीनं मांडीवर ताटं घेऊन बघितली होती. तिचा पहिला भाग मात्र कुठंच उरला नव्हता. चित्र तर नव्हतंच. आवाज होता, तोही एकाच ठिकाणी, नानांच्या ट्रंकेतल्या एका टेपेवर.

त्याला कारण सुमतीबाई. नानांच्या या पत्नी इस्पितळात नर्स होत्या आणि नेमकी मालिकांच्या वेळी त्यांची कामाची पाळी असायची. म्हणून नाना टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरून घेत. बाई घरी आल्या की टेप लागायची, आणि सात वर्षांचा मुकुंद पडद्यावर काय काय दिसलं ते उड्या मारत करून दाखवायचा. त्याची थोरली बहीण चारू खोखो हसायची. पण टेप भरली जात असताना घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. काही हवं असलं तर खुणा करायच्या. मुलं अशी गुणी की खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून काढायची.

'मार्लो क्रॉसिंग'चा पहिला भाग लागला त्याच रात्री मुकुंदला दम्याचा झटका आला आणि पहाटे तो गेला. झोपेतच वाढलं, कळायला काही मार्गच नव्हता, असं नाना सगळ्यांना सांगत आले. पुढं सुमतीबाईंनी घरातली प्रत्येक टेप कान लावून ऐकली. प्रत्येक वेळी मुलगा त्याच खोलीत बसलेला होता आणि एकाही टेपेत त्याचा शब्द नव्हता. "एकदा तरी ऐकायचं नव्हतंस रे बापाचं," असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

हरवलेल्या मालिका जुन्या आवाजावरून यंत्रानं परत उभ्या करणाऱ्या कंपनीची माणसं साठीसाठी ती टेप मागायला आली तेव्हा नानांनी एकच अट घातली. "त्या यंत्रात आमचं घरही उमटतं म्हणे. ते मला द्या. त्यात माझा मुलगा आहे."

आता सत्तरीला आलेली चारू त्यासाठी लंडनला गेली. फियोना नावाच्या तरुण इंजिनिअर मुलीनं तिला एका अंधाऱ्या खोलीत नेलं आणि यंत्रासमोर बसवलं. त्या यंत्राला आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी 'श्रुतिदर्शी' असं झकास नाव दिलं होतं. वटवाघूळ जसं प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतं, तसं हे यंत्र जुन्या आवाजावरून ती जागा उभी करायचं. आवाज लाकडावर आपटून वेगळा येतो, लोकरीवर वेगळा आणि माणसाच्या अंगावर आणखी वेगळा.

"तुमच्या टेपेत दोन खोल्या आहेत," फियोना म्हणाली. "एक स्टुडिओ, एक तुमचं घर. आधी घर पूर्ण उभं करायचं आणि मग ते वजा करायचं. उरतो तो स्टुडिओ."

"आणि वजा केलेलं?"

"एरवी आम्ही टाकून देतो. लोकांचं खाजगी असतं ते. तुमच्या वडिलांनी मागितलं म्हणून ठेवलंय." फियोना जरा घुटमळली. "चारूबाई, मी ते तपासताना बघितलंय. तुम्ही एकट्यानं बघावं असं मला वाटतं. आणि टेप आता परत वाजणार नाही. यंत्रानं वाचताना तिच्यावरचा लेप झडून गेला. जे आहे ते एवढंच."

पडद्यावर धुरकट राखाडी खोली उमटली. माणसांना चेहरे नव्हते, ओल्या मातीची केल्यासारखी दिसत होती ती. पण चारूला सांगावं लागलं नाही. खुर्चीत पुढं वाकून बसलेले नाना. कोचाच्या टोकाला पाय हलवत बसलेली दोन वेण्यांची मुलगी, ती आपणच. आणि जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन, मुकुंद. चारूच्या डोळ्यांना धारा लागल्या. साठ वर्षांनी तो हलताना दिसत होता.

मग तिला त्याची छाती दिसली. ती भराभर वरखाली होत होती. फियोनानं टीव्हीचा आवाज बाजूला काढला तेव्हा खाली बारीक शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. तो वाढत गेला. निम्मा भाग झाल्यावर मुकुंद उठला, हळूहळू नानांपाशी गेला आणि त्यांच्या दंडाला हात लावून उभा राहिला. नानांनी पडद्यावरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं. मुकुंद थोडा वेळ तसाच थांबला. मग परत जागेवर जाऊन बसला. भाग संपेपर्यंत त्यानं चकार शब्द काढला नाही.

चारूनं डोळे पुसले. कळायला मार्गच नव्हता, या एका वाक्याच्या आधारावर नाना इतकी वर्षं जगले होते. जाता जाता तो आधार त्यांच्या हातून काढून घ्यायचा?

"हे देऊ तुम्हाला, की पुसू?" फियोनानं विचारलं. "पुसलं तर मूळ आवाजासकट पुसावं लागेल. तसा कायदाच आहे. मागं फक्त मालिका राहील."

"पुसा," चारू म्हणाली. तिनं पुन्हा एकदा बघायलाही मागितलं नाही. मागितलं असतं तर पुसायची हिंमत झाली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वृद्धाश्रमात गेली तेव्हा दिवाणखान्यात पताका लावणं चाललं होतं. टेप जपल्याबद्दल नानांचा सत्कार व्हायचा होता. नाना आपल्या खोलीत खिडकीशी बसले होते.

"झालं काम?"

"झालं, नाना. पहिला भाग सुरेख उभा राहिलाय."

"भागाचं राहू दे. आपल्या घराचं काय?"

"आवाज नाही आला त्याचा. एक शब्दही बोलला नाही तो."

"नाही बोलला, ते मला माहीत आहे." नाना गुडघ्यावरचं पांघरूण सारखं करत राहिले. "उठला होता का गं?"

चारूनं त्यांच्याकडं बघितलं.

"तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही. तो उठून माझ्याजवळ आला होता. मला वाटलं, शू लागली असेल. मी गप्प बसवलं त्याला. सकाळी... सकाळी सांगायचा धीर झाला नाही. मग इतकी वर्षं एकट्यानंच ते बघत बसलो, आणि आता खरंच घडलं की मनानं रचलं, तेच कळेनासं झालंय. म्हणून तर दिली टेप. खोटं नको सांगूस मला."

खोटं तिनं येताना गाडीत नीट जुळवून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून ते तिला बोलवेना.

"आला होता, नाना. तुमच्या दंडाला हात लावून उभा होता."

नानांनी डोळे मिटले. पाणी गालांवरून खाली आलं, ते त्यांनी पुसलं नाही. चारू घाबरून परिचारिकेला बोलवायला उठली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. श्वास मोकळा झाल्यासारखे ते खुर्चीत मागं रेलले.

"आला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "बरं झालं. आता मला दाखव."

"नाना, तुम्हाला नाही बघवणार ते."

"का नाही? माझी चूक मला पाठ आहे, ती बघायला कुणाला हवीय? त्याचा धड फोटोसुद्धा नाही गं आपल्याकडं. शाळेतला तेवढा एक, त्यात डोळे मिटलेले. तो उठतो आणि चालत माझ्याकडं येतो, तेवढं एकदा बघायचंय. या वेळी त्याच्याकडं बघेन मी."

बाहेर कुणीतरी मालिकेचं सुरुवातीचं संगीत लावून आवाज लहानमोठा करत होतं. नानांनी हात तिच्या पिशवीकडं पुढं केला.

"आणलंयस ना?" त्यांनी विचारलं.