गाळातलं दार

मलकापुरात एसटी स्टँडसमोर वसीमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. जमिनीतला धातू हुडकणाऱ्या मशीनचा नाद त्याला लागला तो व्हिडिओ बघून बघून. मशीन घरी आलं तेव्हा बायको मुस्कान म्हणाली, "आता घरातले हरवलेले चमचे तरी शोधा." पहिले काही रविवार त्यानं शाळेच्या मैदानावर घालवले. सापडलं काय, तर बाटल्यांची बुचं, खिळे आणि एक घुंगरू. पण कान तयार झाला. मोबाईल गाडीत ठेवायचा, कमरेचा पट्टा काढायचा, मशीनची थाळी जमिनीला लागेल न लागेल इतकी खाली धरून सावकाश फिरवायची. चांदीला किणकिणता आवाज येतो, लोखंडाला जाड, घोगरा.

शेजारी चहाचा गाडा लावणारे गुंडूमामा हे सगळं कौतुकानं बघायचे. त्यांचं गाव ते पोरसवदा असतानाच धरणाखाली गेलेलं. यंदा मे महिन्यात पाणी पार तळाला गेलं, तसे ते म्हणाले, "वसीम, आमचं गाव उघडं पडलंय. चल की. आमच्या आयची जोडवी थितंच ऱ्हायली. मरंस्तवर त्येंचंच नाव काढत हुती बिचारी."

सकाळीच दोघं निघाले. धरणाच्या पोटात नुसता भेगाळलेला गाळ, मेलेले शिंपले आणि कुजट, ओलसर वास. वर ऊन रणरणत होतं, पण एक पाखरू म्हणून बोलत नव्हतं. मामा अनवाणी पुढं चालले होते. "ही तालीम. हितं पार. आन् ह्ये आमचं घर."

घर म्हणजे जोत्याचे चार दगड. वसीमनं मशीन चालू केलं. उंबऱ्याच्या जागेवर घोगरा आवाज आला. मामांनी कुदळीनं गाळ ओढला, तर फळी लागली. ओढत गेले, तसं चौकटीसकट आख्खं दारच नजरेस आलं. आडवं, जाड लाकडाचं, लोखंडी खिळे ठोकलेलं. वरच्या अंगाला कडी, आणि ती कोयंड्यात घट्ट अडकवलेली.

मामांचा चेहरा उतरला. "ह्ये आमचं न्हवं. गाव उठलं तवा दारं, चौकटी, वासं, समदं बैलगाडीत घालून नेलं आमी. आमचं दार नव्या घराला हाय की."

वसीमनं थाळी दारावर धरली. आवाज आला, पण एका कडेला. तिथं थाळी नेली, तर आवाज दुसऱ्या कडेला सरकला. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यानं हात दगडासारखा स्थिर धरला. आवाज जवळ आला... लांब गेला... पुन्हा जवळ आला. आणि आता तो घोगरा राहिला नव्हता. किणकिणत होता. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पायात जोडवी घालून कुणीतरी दाराखाली येरझाऱ्या घालत होतं.

"मामा, चला इथनं."

मामा गुडघ्यावर बसले होते, तळवा फळीवर टेकून. "ऐक..." ते पुटपुटले.

खालून बाईचा दमलेला आवाज आला. "गुंड्या... उघड की रं, लेकरा."

"आय?" मामा फळीवर वाकले.

"मामा, तुमची आई तुमच्या मांडीवर गेली म्हणत होता ना तुम्ही! ही ती नव्हे!"

तेवढ्यात खालून दाणकन घाव बसला. फळी चिरली, आणि कोयत्याचं टोक मामांच्या तळव्यातून आरपार वर आलं. मामा ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी हात उपसून काढला. रक्ताची धार दारावर पडली आणि भेगेतून खाली गेली. खालचे घाव थांबले. चाटल्यासारखा आवाज येऊ लागला.

वसीमनं त्यांना काखेत धरून मागं ओढलं. मामा वळले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. "आय आत हाय माझी! सोड!" कुदळीचा दांडा वसीमच्या हातावर बसला आणि हाड काडीसारखं मोडलं. दुसरा घाव डोक्यावर येणार, तोच वसीमनं चांगल्या हातानं मशीन उचलून त्यांच्या कानशिलात हाणलं. मामा भेलकांडले, दारावरच आदळले, आणि रक्ताळलेल्या बोटांनी त्यांनी कडी काढली.

दार वर उचललं गेलं. आत नुसता काळोख. त्यातून एक हात आला, चिखलानं लडबडलेला. त्यानं मामांना केसाला धरलं आणि कोंबडी ओढावी तसं आत ओढलं. दार धाडकन मिटलं. कडी आपोआप कोयंड्यात बसली. मग खालून घाव ऐकू येत राहिले. लाकडावरचे नव्हे, मऊ कशावर तरी पडणारे.

पोलिसांनी दार उचललं तेव्हा खाली खडखडीत वाळलेला गाळ होता. खोल खणलं तरी काही नाही. मामा नाहीत, त्यांचं मढं नाही. वसीमच्या सदऱ्यावर मात्र मामांचं रक्त होतं. त्यामुळं जामिनावर सुटल्यावरही त्याला ठाण्यात हजेरी द्यायला जावं लागतं. पुरावा म्हणून चौकटीसकट आणलेलं दार तिथंच मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलंय.

मामांची बायको झुंबरबाई रोज येऊन त्या दारासमोर बसते. वसीमशी ती एक शब्द बोलत नव्हती. परवा मात्र तिनं त्याला खुणेनं बोलावलं. तिचा हात कडीवर होता.

"मामी, हात काढा. मागं भिंत आहे नुसती..."

"भित्त हाय व्हय? मग बोलत्यात कोन?" ती अगदी हळू म्हणाली. "झुंबर, उघड म्हंत्यात. रोज म्हंत्यात. कवाच उघडलं असतं मी... पर आत दोघं हाईत, वसीम. दोघांचाबी आवाज ह्यांचाच."

तिनं कान फळीला लावला.

"दोघंबी रडाय लागल्यात... त्यातलं माझं कुठलं?"