टाकीत केरू

कुकरची शिट्टी झाली आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता फाटली. रविराजच्या हातातला कप फरशीवर पडून फुटला.

"अहो, एवढं काय दचकताय?" सुवर्णाने गॅस बारीक केला.

"झोप कुठे झालीय?"

तेही खरंच. परवा सातपूरच्या कारखान्यात टाकी धुणारा केरू वाफेत भाजून मेला. रविराज तिथला सुपरवायझर. टाकीपाशी बसून कॉम्प्युटरवरून निरोप धाडणारा सटाण्याचा कोंडाजी कोठडीत होता, कारण रविराजच्या केबिनमधल्या मशीनवर त्याचा निरोप निघाला: 'takit koni nahi aahe.'

निरोपांवर मोहोर उठवणारा प्रोग्राम सुवर्णाचा, लेकीला, वेदिकाला, मांडीवर निजवून लिहिलेला. मजकुरात गुपित शब्द मिसळून गणित केलं की मोहरेचा आकडा निघतो आणि निरोपासोबत जातो. एक अक्षर हललं तरी आकडा पार बदलतो. तो शब्द फक्त तिला आणि कोंडाजीला ठाऊक. म्हणून पोलिसांनी निरोप तिच्याकडे तपासायला दिला होता.

तिने घरच्या कॉम्प्युटरवर तपासला. मोहोर जुळेना.

"निरोप आधी कोणी वाचला?"

"मीच. वाचला आणि वाफ सोडली."

"कोंडाजी असं लिहितो?"

"मग कसं लिहिणार?"

"तुम्हीच तर त्याच्या अहिराणीची नक्कल करता. 'चहा गरम शे, साहेब.' मग इथे 'आहे' कुठून आलं?"

"गलम शे, गलम शे!" वेदिका खिदळली. रविराज हसला नाही.

सुवर्णा कॉम्प्युटरकडे वळली. तिने टाइप केलं: 'takit keru she.'

मोहोर जुळली. शेवटच्या आकड्यापर्यंत.

"त्याने सांगितलं होतं, केरू आत आहे म्हणून. तुम्ही न वाचताच वाफ सोडलीत. मग निरोप बदललात."

"मोहरेला मी हातसुद्धा लावला नाही!"

बोलला, आणि त्याचं त्यालाच कळलं.

"तेच ना," ती हळू म्हणाली. "शब्द ठाऊक नाही, नवी मोहोर काढणार कशी? जुनीच ठेवलीत. ती अजून कोंडाजीचंच बोलतेय."

"माल निघायची घाई होती गं... पोरीकडे तरी बघ."

तिने बघितलं. मग रिसीव्हर उचलून पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला.

कुकर पुन्हा ओरडला. रविराजने दोन्ही कान गच्च दाबून धरले. वेदिका आईच्या पदराला लोंबकळली.

"आई, बाबा कुकलला का घाबलतात?"

पलीकडून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं.