मनमाडचे शनिवार

तेजल दोंदे रक्ततपासणीची लॅब सुटल्यावर थेट नाशिकच्या शालीमार भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात आली, तेव्हा तिच्या अंगावर पांढरा ॲप्रन तसाच होता.

रोहितने तिला खुर्ची दिली. तो पूर्वी विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करायचा. आता अंजली देवरेंच्या तपाससंस्थेत भागीदार होता. लग्नाआधी नवऱ्या मुलांची चौकशी करून देणं, हे दोघांचं नेहमीचं काम. लग्नानंतर येणाऱ्या बायका कमी, आणि त्या आल्या की बोलायला वेळ लावायच्या.

तेजलने वेळ लावला नाही.

"माझं लग्न खोटं आहे, असं कुणीतरी कॅनडाला कळवलंय. तो माणूस कोण ते मला हवंय."

तिचा नवरा धम्मपाल मूळचा नाशिकचाच, आता कॅनडाचा नागरिक. लग्नानंतर बायकोला तिथं कायमचं राहता यावं म्हणून त्याने अर्ज केला होता. वाट बघण्यात दोन वर्षं गेली. शेवटी तेजलला मुलाखतीला दिल्लीला बोलावलं.

"ऑफिसरबाईंनी विचारलं, अश्विन कोण? मी खरं सांगितलं. आमचं लग्न ठरलं होतं, मोडलं. तर त्या म्हणाल्या, आजारी मावशीला बघायला जाते असं सांगून तुम्ही दर शनिवारी मनमाडला अश्विनकडे जाता, हे लग्न फक्त कॅनडात शिरण्यासाठी केलंय, अशी आमच्याकडे निनावी तक्रार आहे." ती अंजलींकडे वळली. "मी रडले, ताई. तेही त्यांना नाटक वाटलं असेल. अर्ज नामंजूर झाला."

"जाता का मनमाडला?" अंजलींनी विचारलं.

"शनिवारी लॅबमध्ये सगळ्यात जास्त गर्दी असते. मी रजासुद्धा घेतलेली नाही."

"अश्विनबद्दल नवऱ्याला माहीत होतं?"

"लग्नाआधी मीच सांगितलं. लपवाछपवीने सुरुवात नको होती मला."

एवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर धम्मपालचं नाव होतं, व्हिडिओ कॉल. तेजल झटकन उठली, ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हो, घरीच आहे," ती म्हणाली.

"अपिलाचं डोक्यातून काढ, तेजू," पलीकडून आवाज आला. "उगाच मनस्ताप. पुढं बघू काय ते."

ती गेल्यावर रोहित म्हणाला, "आपल्याकडे आल्याचं नवऱ्यापासून लपवलं तिनं."

अंजली खिडकीतून खालची रहदारी बघत होत्या. "त्यासाठी ॲप्रन कशाला काढायचा?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं जेल रोडच्या कॉलनीत तेजलच्या माहेरी गेले. ती तिथेच राहत होती. दार एका ठसठशीत म्हातारीने उघडलं. गच्चीवरून वाळलेल्या कपड्यांची बादली तिने एका हाताने उचलून आणली होती.

"मी चंद्रभागा. तेजलची मावशी. या ना, दाजी आत हायेत."

"तब्येत बरी आहे ना?" अंजलींनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय! मनमाडचं बिऱ्हाड मोडून मागच्या उन्हाळ्यात हितं आले. हिची आई गेलेली, पोरगी परदेशी जाणार. दाजींना करून घालायला कुणी तरी पायजेल ना."

तेजलचे वडील, पुंजाजी गांगुर्डे, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"एकुलती एक आहे. तिनं जाऊ नये असंच मला वाटायचं. पण म्हणून मी तिच्या पाठीत खंजीर खुपसेन का?"

रोहितला ते उत्तर जरा जास्तच तयार वाटलं.

तेजलची सासू सावित्रीबाई नाशिकच्याच उपनगर भागात एकटी राहत होती. घर लख्ख, भिंतीवर मुलाचा बर्फातला मोठा फोटो.

"मी कशाला असलं कळवू? मला नातवंडाचं तोंड बघायचंय. सुनेला मी कशी वागवते ते चंद्रभागाबाईंना विचारा. दर रविवारी भेटतात विहारात."

"मुलाशी बोलणं होतं?"

"आठवड्याला एकदा. औषध घेतलं का विचारतो आणि ठेवतो."

"लग्नाला लगेच तयार झाला का तो?"

सावित्रीबाईंनी पदर सावरला. "आधी आढेवेढे घेत होता. मी जेवण सोडलं. आईपुढं कुणाचं चालतं?" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

मनमाडला अश्विन स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. तो रेल्वेत सिग्नल विभागात होता. सडसडीत, थकलेला. लग्न झालेलं, लहान मुलगी.

"राग होता," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? बाहेरचं स्थळ आलं आणि मी नकोसा झालो. पण आता नाही राहिला राग. आणि ती इथं कशाला येईल? तिची मावशीसुद्धा इथं नाही. टेम्पो ठरवून त्यांचं सामान मीच नाशिकला पाठवलं. शेजारी होत्या, नाही कसं म्हणणार?"

परतीच्या वाटेवर रोहितने निकाल देऊन टाकला. "अश्विनच. रागाची कबुली स्वतःच दिली त्यानं. नाहीतर वडील."

"तक्रार खोटी आहे, हे मान्य?"

"मान्य."

"मग खोटं रचणाऱ्याने ती आजारी मावशी आणली कुठून?"

रोहितला प्रश्न कळला नाही. त्याने गाडी चालवण्यात लक्ष घातलं.

रविवारी संध्याकाळी अंजलींनी सगळ्यांना तेजलच्या घरी बोलावलं. पुंजाजी, मावशी, सावित्रीबाई. टेबलावर तेजलचा फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात धम्मपाल. त्याच्याकडे सकाळ होती. मावशींना अंजलींनी मुद्दाम फोनच्या मागच्या बाजूला बसवलं.

"धम्मपाल, चंद्रभागा मावशी कशा आहेत, काही कल्पना?"

"आजारीच आहेत ना? मनमाडला," तो म्हणाला. "तेजल सांगते तसं."

मग मावशी उठल्या, फोनसमोर आल्या आणि पडद्याकडे वाकून बघत म्हणाल्या, "कोण आजारी हाय रं, बाबा?"

धम्मपालचा चेहरा बदलला. अंजली बोलू लागल्या, आवाज अजिबात न चढवता.

"तेजलवर खोटा आळ घेणारा इकडचा माणूस काहीही रचेल. पण मावशी मनमाडला आजारी आहेत असं तो रचणार नाही, कारण त्या या घरात राहतात. पुंजाजी त्यांच्या हातचं जेवतात. सावित्रीबाईंना त्या दर रविवारी भेटतात. त्यांचं सामान अश्विनने स्वतः हलवलंय. ज्यांच्यावर संशय घ्यावा, त्या तिघांनाही खरं माहीत आहे. म्हणजे ही थाप तक्रार करणाऱ्याने रचलेली नाही. ती त्याला कुणीतरी सांगितली आणि त्याला ती खरी वाटली." त्या तेजलकडे वळल्या. "थाप तुमची होती ना?"

तेजलने मान खाली घातली. "हो."

"नोकरीसाठी?"

"हे म्हणाले, नोकरी सोड, परवाना आता येईलच. तो येतच नव्हता. घरी बसून करू काय? सोडली म्हणून सांगितलं, पण जात राहिले. शनिवारी सकाळी यांचा फोन यायचा, तिकडे शुक्रवारची रात्र असते. मी लॅबमध्ये असायचे. म्हणून मावशीचं कारण सांगितलं. फक्त यांना. दुसऱ्या कुणालाच नाही. वाटलं, यांच्याकडूनच कुणाला तरी कळलं असेल."

ॲप्रन का काढला, ते रोहितला आत्ता कळलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी बोललो असेन कुणाशी तरी," धम्मपाल म्हणाला. "इथल्या मित्रांशी वगैरे."

"असू शकेल," अंजली म्हणाल्या. "तसं असेल तर काम सोपं आहे. या नकाराविरुद्ध अपील नवऱ्यालाच करता येतं, बायकोला नाही. मुदत अजून आहे. मावशी इथेच राहतात, तेजल दर शनिवारी कामावर असते, याला लॅबमधले सगळे साक्षीदार. तक्रार टिकणारच नाही. करता अपील?"

धम्मपालने खुर्ची मागे सरकवली.

"नुसतं हो म्हणा, बाकी वकील बघेल."

तो पडद्याबाहेर कुठेतरी बघत राहिला. ती शांतता सावित्रीबाईंना सोसली नाही.

"अरे, ती अजून आहे का तुझ्याकडं?"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता. तेजल सावकाश वळली.

"ती कोण, आई?"

"मला वाटलं, लग्न झालं की सुटेल तिचा नाद," सावित्रीबाई पुटपुटल्या.

"मी नाही म्हणालो होतो," धम्मपाल एकदम उसळला. "तू जेवण सोडलंस. मी काय करणार होतो? अर्ज केला नसता तर तुम्ही सगळ्यांनी मला खाऊन टाकलं असतं. म्हटलं, तिकडूनच नकार आला तर कुणाचाच दोष नाही."

"माझा दोष," तेजल म्हणाली. "माझ्या नावापुढं लागला तो. काही लपवायला नको म्हणून मी तुला अश्विनचं सांगितलं होतं. तेच तू त्यांना दिलंस."

पडदा काळा झाला. त्याने फोन बंद केला होता.

"उद्या वकिलाकडे चला," अंजली तिला म्हणाल्या. "त्याचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. घटस्फोट मिळेल. पण तिकडच्या नोंदीतला ठपका पुसला जाईल, असं मी सांगू शकत नाही. तो त्याने स्वतः लिहून दिलं तरच जाईल."

"तो देणार नाही," तेजल म्हणाली.

सावित्रीबाईंनी तिचा हात धरला. "बाहेर बोलू नकोस गं. लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"आन् हिनं तोंड कुठं दाखवायचं?" मावशी कडाडल्या. "उठा, बाई. घरी जावा."

सासू गेली. रोहित चपला घालायला दारापाशी गेला आणि सहज त्याने मागे बघितलं. पुंजाजी उठून मुलीजवळ आले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणत होते, "जाऊ दे, बाळा. आता तू कुठंच जायचं नाही. इथंच राहायचं, आपल्या घरात."

त्यांचे डोळे भरून आले होते. पण चेहऱ्यावर दुःख नव्हतं, मोठी सुटका होती, आणि ती लपवायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेजलने वर बघितलं. तिला ती सुटका दिसली.

तिने वडिलांचा हात अलगद डोक्यावरून काढला आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.